घरात अल्झायमर आला, तर सुरुवात कुठून करायची

गणपतीवरची माटोळी, म्हणजे फळाफुलांचं छत, बांधायची ती आईंनीच, हा आमच्या घरचा शिरस्ता. कुठला घोस कुठल्या कोपऱ्यात, सुपारी आधी की तोरिंगं आधी, सगळं त्यांना पाठ. एका चवथीला त्या आंबाड्यांचा घोस हातात धरून बराच वेळ उभ्या राहिल्या आणि मला हळूच म्हणाल्या, "हे कशाला आणलंय गं?" दमल्या असतील, असं मला वाटलं. त्यानंतर डॉक्टरांकडे जायला आम्हाला चौदा महिने लागले. तुमचे एवढे महिने जाऊ नयेत म्हणून हे लिहिते आहे.

आई म्हणजे माझ्या सासूबाई. गोव्यातल्या डिचोली तालुक्यातलं गाव, कौलारू घर, पुढे आंगण, आंगणात विहीर, मागे कुळागर, म्हणजे पोफळी-नारळाची बाग. निदान झाल्यावर आठ वर्षं त्या घरीच होत्या. मी डॉक्टर नाही. औषधांविषयी जे लिहिलं आहे ते डॉक्टरांना काय विचारायचं हे कळावं एवढ्यासाठीच. बाकीचं सगळं मी चुकत चुकत शिकले, आणि त्या चुकांची किंमत बऱ्याचदा आईंनी भरली.

१. आधी वही, मग डॉक्टर

भाजीत मीठ घालायला विसरणं कोणाचंही होतं. पन्नास वर्षं केलेल्या खतखत्याचा क्रमच न लागणं, ही वेगळी गोष्ट. रोजच्या देवळाच्या वाटेवर चुकणं, सुट्टे पैसे मोजता न येणं, तोच प्रश्न दहा मिनिटांत पाचदा विचारणं, बोलताना साधे शब्द न सापडून 'ते... ते गं' म्हणत राहणं, आणि कधी न संशय घेणाऱ्या माणसानं संशय घ्यायला लागणं, असं काही दिसलं की एका वहीत तारीख घालून लिहायला लागा. डॉक्टरांसमोर म्हातारी माणसं अगदी नीट बोलतात. आमच्या आईंनी तर डॉक्टरांनाच "जेवलात का?" विचारलं. वही नसती तर आम्हाला तसंच परत पाठवलं असतं.

पहिल्यांदा तालुक्याच्या आरोग्य केंद्रात किंवा नेहमीच्या डॉक्टरांकडे जा आणि रक्ताच्या तपासण्या करून घ्या. बी-१२ जीवनसत्त्व कमी असणं, थायरॉइड, सोडियम कमी होणं, मूत्रपिंडाची तक्रार, डोक्याला मार लागून आत साकळलेलं रक्त, खोल नैराश्य, झोपेच्या किंवा खाजेच्या काही गोळ्या यांनीही अल्झायमरसारखंच दिसतं, आणि यातलं बरंचसं उपचारांनी सुधारतं. कान आणि डोळेही तपासा. ऐकूच येत नसेल तर माणूस विसरलं असं वाटत राहतं. पुढच्या तपासणीसाठी बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेज आहे, आणि तिथेच मानसोपचार आणि मानवी वर्तन संस्था म्हणजे आयपीएचबी आहे. 'तिकडे नेलं तर गाव काय म्हणेल' या एका वाक्यामुळे आमचे चौदातले निदान सहा महिने गेले.

एक गोष्ट अगदी लक्षात ठेवा. दोन-तीन दिवसांत अचानक माणूस भ्रमल्यासारखं करायला लागलं, दिवसा झोपून राहिलं आणि रात्री बडबडू लागलं, तर तो अल्झायमर नाही. निदान झालेल्या माणसालाही तसं झालं तर 'आजार वाढला' म्हणून गप्प बसू नका. लघवीतला जंतुसंसर्ग, न्यूमोनिया, सोडियम उतरणं, बद्धकोष्ठ, नवीन सुरू केलेली गोळी, यातलं काहीतरी असतं. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

२. नाव कळल्यावर

१९०६ साली आलॉइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरांनी एका बाईच्या मेंदूत सापडलेल्या गाठी आणि गुंते पहिल्यांदा मांडले, त्यांचं नाव या रोगाला मिळालं. मेंदूत दोन प्रथिनं साचत जातात आणि पेशी मरत जातात. डिमेन्शिया म्हणजे स्मृतिभ्रंश हे मोठं नाव. त्याची कारणं अनेक, आणि त्यातलं सर्वांत जास्त आढळणारं कारण अल्झायमर. नव्या आठवणी जिथे घडतात तो भाग आधी बिघडतो. म्हणून सकाळी पेज खाल्लेली आठवत नाही आणि साठ वर्षांपूर्वी नदीवरची होडी चुकली होती ते आठवतं. हे एकदा नीट समजलं की 'मुद्दाम करतात', 'हवं तेव्हा बरं आठवतं' हे घरातलं बोलणं थांबतं. आमच्याकडे ते थांबायला वर्ष लागलं.

औषधं आहेत, ती रोग बरा करत नाहीत. डोनेपेझिल, रिव्हास्टिग्माइन, गॅलॅन्टामाइन आणि मेमँटिन ही त्यांची नावं. काहींना त्यांनी काही काळ बरं वाटतं, काहींना फारसा फरक पडत नाही. डोनेपेझिल बहुधा ५ मिलिग्रॅमने सुरू करतात. मळमळ, जुलाब, भूक जाणं, नाडी मंद होणं याकडे लक्ष ठेवा. रात्री घेऊन भयाण स्वप्नं पडत असतील तर सकाळी देता येते का ते विचारा. रिव्हास्टिग्माइनची चिकटपट्टी असेल तर जुनी काढल्याशिवाय नवी लावू नका. आमच्याकडे घामाने पट्टी सुटायची, आणि पुढे लावली तर आई ती सोलून काढायच्या. शेवटी पाठीवर वरच्या बाजूला, अंग पुसून कोरडं झाल्यावर आणि रोज जागा बदलून लावली तेव्हा टिकली. हल्ली नव्या इंजेक्शनांबद्दल पाहुणे विचारतात. ती अगदी सुरुवातीच्या टप्प्यातल्या मोजक्याच रुग्णांसाठी असतात, आणि त्यात मेंदूला सूज किंवा रक्तस्राव होण्याचा धोका असल्याने परत परत एमआरआय काढावा लागतो.

कोणी ब्राह्मी सांगेल, कोणी घाड्याकडे, म्हणजे देवऋष्याकडे, न्यायला सांगेल. देवाला गाऱ्हाणं आम्हीही घातलं, कौलही घेतला, आणि त्यानं मनाला धीर आला. गोळी मात्र एक दिवस थांबवली नाही. काढा, चूर्ण जे काही द्याल ते डॉक्टरांना सांगून द्या.

३. वाड्याला, म्हणजे वस्तीला, सांगा

आपण पहिलं काम करतो ते लपवायचं. हळदीकुंकवाला नेणं बंद, पाहुण्यांसमोर आणणं बंद. मला विचाराल तर या आजारात घरच्यांच्या हातून होणारी सगळ्यात मोठी चूक हीच. २०२३ मध्ये आलेल्या देशव्यापी अभ्यासाचा अंदाज असा, की भारतात साठी ओलांडलेल्या शंभर माणसांमागे सात जणांना डिमेन्शिया आहे, एकूण सुमारे ८८ लाख. म्हणजे तुमच्या वाड्यावर आणखी एखादं घर असणारच, तेही लपवत असेल.

आम्ही शेजाऱ्यांना, देवळाच्या भटजींना, कोपऱ्यावरच्या दुकानदाराला आणि रोज सकाळ-संध्याकाळ सायकलवरून येणाऱ्या पोदेराला, म्हणजे पाववाल्याला, सांगितलं. पोदेर गावातलं प्रत्येक घर ओळखतो आणि सगळ्या वाटांनी फिरतो. दोन वेळा आई त्यालाच सापडल्या. सांगताना फार बोलायचं नाही. "आईंना विसरायचा आजार झालाय. वाटेत एकट्या दिसल्या तर त्यांच्याशी बोलत राहा आणि मला फोन करा," एवढं पुरतं.

दुबईत किंवा पुण्यात असलेल्या भावंडांनाही सांगा, आणि फोनवर नको, चार दिवस येऊन राहायला सांगा. माझ्या नणंदेला फोनवर आई नेहमी ठणठणीत वाटायच्या. ती येऊन राहिली, तिसऱ्या रात्री आईंनी तिलाच "तू कोणाची गं?" विचारलं. त्यानंतर ती दर महिन्याला पैसे पाठवू लागली आणि दर मे महिन्यात तीन आठवडे येऊ लागली. त्याआधी आमच्यात झालेली भांडणं मला आठवायचीसुद्धा नाहीत.

४. घर त्यांच्यासाठी बदला

विहिरीवर जाळी बसवा, आजच. गॅसचा रेग्युलेटर रात्री बंद करा. कोयती, फिनेल, उंदराचं औषध आणि आपल्याच गोळ्यांचे डबे कुलपात. न्हाणीत आणि संडासात धरायला दांडा, खाली न सरकणारी चटई. उंबरठे उंच असतील तर त्यांच्या कडेला पिवळा रंग ओढा, म्हणजे दिसतात. सगळं सामान मात्र हलवू नका. त्यांची खुर्ची, त्यांचा पाट, देवघरातली त्यांची जागा तशीच राहू दे. रात्री उठून पाय आपोआप जातात ते त्या सवयीच्या जागांवरच.

पावसाळ्याचं वेगळं सांगते. आषाढात आंगणातल्या पायऱ्यांवर शेवाळ येतं. दर आठवड्याला ब्लीचिंग पावडर टाकून घासा. घसरून खुब्याचं हाड मोडलं तर हा आजार एकदम दोन पायऱ्या खाली जातो. वीज गेली की काळोखात आई घाबरून ओरडायच्या, म्हणून इन्व्हर्टर नसेल तर त्यांच्या खोलीत आपोआप लागणारा चार्जिंगचा दिवा ठेवा. पत्र्यावर पडणाऱ्या पावसाचा आवाज त्यांना 'लोक आलेत' असा वाटायचा. आम्ही त्यांची खाट मागच्या कौलारू खोलीत नेली. ती खोली लहान, पण आवाज कमी.

५. बोलणं

यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण बाकी सगळं पैशाने किंवा हातांनी जमतं, हे जिभेनेच करावं लागतं.

आई संध्याकाळी विचारायच्या, "माझी आई कुठे आहे?" पहिल्यांदा मी खरं सांगितलं, की त्यांना जाऊन चाळीस वर्षं झाली. त्या इतक्या रडल्या, जणू आत्ताच कळलं. त्यांच्या दृष्टीनं ते खरोखर आत्ताच कळलेलं होतं. अर्ध्या तासाने पुन्हा विचारलं, मी पुन्हा खरं सांगितलं. एका संध्याकाळी चार वेळा मी त्यांना पोरकं केलं. त्यानंतर मी उत्तर द्यायचं सोडून प्रश्न विचारायला लागले: "तुमची आई भाकऱ्या कशा करायची हो?" मग पेडण्याचं माहेर, चुलीजवळची मांजर, नदीच्या होडीवाल्याचं नाव, सगळं यायचं, आणि आईंचा चेहरा निवायचा. काय बोललं ते त्या विसरायच्या, पण कसं वाटलं ते तासभर, कधी दिवसभर राहायचं. रागावून बोललेलंही असंच राहतं. ते शब्दांशिवाय राहतं, म्हणून जास्त छळतं.

"माझ्या पाटल्या हिने चोरल्या," हे मी पाहुण्यांसमोर ऐकलं आहे. ज्या घरात वीस वर्षं राबले तिथे. तुम्हीही ऐकाल. 'तुम्हीच कुठेतरी ठेवल्या' असं म्हटलं की भांडण वाढतं. "चला, दोघी शोधूया," असं म्हणा, आणि शोधा. चोरीचा आळ नेहमी जवळ असलेल्या माणसावर येतो, म्हणजे तुमच्यावर. खरं सोनं लॉकरमध्ये ठेवून आम्ही एक ग्रॅमच्या दोन सारख्याच पाटल्यांच्या जोड्या आणल्या. एक हरवली की दुसरी सापडायची.

पोदेराला त्या कधी कधी टंग्यात, म्हणजे पोर्तुगीज काळातल्या नाण्यांत, पैसे द्यायला निघायच्या. १९६१ पूर्वीचं गोवं त्यांच्यात जसंच्या तसं होतं. कशाला वाद घालायचा? जुन्या नाण्यांचा एक बटवा केला. पोदेर नाणं घ्यायचा, उंडो, म्हणजे गोल पाव, द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी नाणं मला परत करायचा. त्या माणसाचे उपकार मी फेडू शकत नाही.

घरातच बसून "मला घरी जायचंय" म्हटलं, तर 'हेच तुमचं घर' असं सांगू नका. चपला घाला, बाहेर पडा, तुळशीला, मग पाणंदीपर्यंत, आणि दुसऱ्या बाजूने परत या. बऱ्याचदा परत आल्यावर त्या म्हणायच्या, "आलं बाई घर."

समोरून या, मागून हाक मारू नका. त्यांच्या डोळ्यांच्या पातळीला बसा. एका वेळी एकच गोष्ट सांगा. 'काय जेवणार?' यापेक्षा 'पेज की भात?' सोपं. उत्तराला वेळ द्या, मनातल्या मनात दहापर्यंत मोजा. आणि पाहुण्यांना फाटकातच सांगा, 'मला ओळखलंत का?' असं विचारायचं नाही. येणारं प्रत्येक माणूस हेच विचारतं, आणि प्रत्येक वेळी आई नापास व्हायच्या, चेहरा पडायचा. त्यापेक्षा "मी अमक्याची सून, तुमच्या हातचे नेवरे खायला आले," असं म्हटलं की झालं.

भाषेचंही बघा. मागाहून शिकलेलं आधी जातं. पुढे आईंच्या तोंडात माहेरची बोलीच उरली होती. रात्रीसाठी ठेवलेली बाई परराज्यातली, तिला हिंदी यायची आणि आईंना नाही. मी तिला एका कागदावर तिच्या लिपीत शब्द लिहून दिले: उदक, पेज, न्हाण, यो, बस. पाच शब्दांनी रात्रीचा आरडाओरडा निम्मा झाला.

६. संध्याकाळ

दिवस कलला की बेचैनी वाढते. पुष्कळ घरांत हेच असतं. अंधार पडायच्या आधीच दिवे लावा, सावल्या पडू देऊ नका. आरशातली बाई कोण म्हणून त्या घाबरत असतील तर आरशावर कापड टाका. बातम्या आणि मालिकांतला आरडाओरडा बंद. दुपारची झोप अर्ध्या तासावर जाऊ देऊ नका, चार नंतर चहा नको, आणि सकाळच्या उन्हात आंगणात बसवा.

आमच्याकडे दिवेलागणीला शुभंकरोति म्हणायचो. पाचव्या वर्षी माझं नाव गेलं होतं, पण शुभंकरोति शेवटपर्यंत यायचं, आरत्या यायच्या, घुमट, म्हणजे मातीचं तालवाद्य, वाजलं की बोटं गुडघ्यावर ताल धरायची. गाणं, चाल आणि हातांच्या सवयी उशिरा जातात. म्हणून काम काढून घेऊ नका. वाल सोलणं, वाती वळणं, तांदूळ निवडणं त्यांना द्या. निवडलेले तांदूळ रात्री मी परत निवडायचे, ते वेगळं.

मारायला धावतात, भास होतात, झोपतच नाहीत, असं झालं तर डॉक्टर शांत करणारी गोळी देऊ शकतात. पण डिमेन्शिया असलेल्या वृद्धांत या औषधांनी पक्षाघाताचा आणि मृत्यूचा धोका वाढतो. त्यामुळे किती दिवस, किती कमी मात्रेत आणि थांबवायची कधी, हे विचारून घ्या. त्याआधी दुखतंय का, पोट साफ आहे का, लघवीला जळजळ आहे का ते पाहा. आमच्या आईंचा आठवडाभराचा राग एका किडलेल्या दाढेचा निघाला.

७. अंघोळ, जेवण, संडास

अंघोळीला नाही म्हणतात, कारण भीती वाटते. न्हाणी काळोखी, पाणी अंगावर अचानक येतं, आणि सुनेसमोर उघडं व्हायची लाज. शॉवर नको. आईंना आयुष्यभर भाणातलं, म्हणजे तांब्याच्या हंड्यातलं, कढत पाणी आणि तांब्या माहीत, तेच दिलं. आधी पाय, मग हात, डोकं सगळ्यात शेवटी किंवा दुसऱ्या दिवशी. खांद्यावर पंचा टाकून त्याच्या आतून अंग चोळायचं. रोज अंघोळ झालीच पाहिजे हा हट्ट सोडला आणि मधल्या दिवशी ओल्या पंच्याने अंग पुसायला लागले, तेव्हा भांडण संपलं. गाऊन त्यांनी कधी स्वीकारला नाही. परकराची नाडी काढून इलॅस्टिक घातलं, आखूड सुती साडी नेसवली, निभावलं.

गोव्यात मासळीचं काय, हा खरा प्रश्न. मासळीशिवाय त्या ताटाला हात लावत नसत, आणि काटा काढायचं भान गेलेलं. बांगडा, तारली बंद केले. इसवणाची, म्हणजे सुरमईची, तुकडी स्वयंपाकघरातच कुस्करून, बोटांनी दोनदा चाचपून, हुमणाच्या रसात भात कालवून द्यायचे. सोललेली सुंगटं, म्हणजे कोळंबी, बारीक चिरून. पांढऱ्या ताटातला पांढरा भात त्यांना दिसत नसे. स्टीलचं ताट घेतलं आणि जेवण वाढलं. चमचा जमेना तेव्हा हाताने धरता येईल असं दिलं, पोळीची सुरळी, केळं, इडली. तहान लागल्याचं त्यांना कळत नाही, म्हणून दर दोन तासांनी थोडं थोडं पाजा: पाणी, पेज, तिजान (नाचण्याची पातळ पेज), कोकमचं सार. महिन्यातून एकदा वजन करा. वजन उतरायला लागलं तर डॉक्टरांना सांगा.

संडासला दर दोन-तीन तासांनी आपणच न्या, विचारू नका. दाराला रंग द्या, रात्री दिवा लावून दार उघडं ठेवा. लघवी होते म्हणून पाणी कमी करणं हा उलटा उपाय, त्याने जंतुसंसर्ग होतो. रात्री डायपर लागला तर लाज नको, फक्त वेळेवर बदला.

८. बाहेर निघून गेल्या तर

जातात. आज ना उद्या जातातच. कुठे जातील ते त्यांच्या जुन्या दिनक्रमावरून ओळखता येतं. आई शुक्रवारी सकाळी पिशवी घेऊन म्हापशाच्या बाजाराला निघायच्या, तीस वर्षांची सवय. मग शुक्रवारी मीच पिशवी घेऊन त्यांच्याबरोबर कोपऱ्यापर्यंत जायचे, भाजी घेऊन परत.

दाराला कडी वर, नजरेच्या टप्प्याबाहेर लावा, पण माणसाला आत कोंडून घर सोडून जाऊ नका. हातात नाव आणि फोन नंबर कोरलेलं कडं, साडीच्या आतल्या बाजूला शिवलेली नंबरची पट्टी. मोबाइलमध्ये दर दोन-तीन महिन्यांनी नवा फोटो. दिसेनाशा झाल्या तर आधी विहीर, मग घर, कुळागर, आणि दहा मिनिटांत सापडल्या नाहीत तर फोन: शेजारी, पोदेर, बस स्टँडवरचे कंडक्टर, तिठ्यावरचे पायलट, म्हणजे मोटरसायकल टॅक्सीवाले. आणि ११२. चोवीस तास थांबावं लागतं हे खरं नाही. सापडल्यावर ओरडू नका. "आलात? चहा ठेवलाय," म्हणा. मग आत जाऊन हवं तेवढं रडा.

९. कागद

हे पहिल्याच वर्षी करा. नंतर सही असते, समज नसते, आणि समज नसताना घेतलेली सही कायद्यापुढे टिकत नाही.

बँकेचं खातं जोडीने, नॉमिनी लावलेले, पेन्शन असेल तर दरवर्षीचा हयातीचा दाखला घरून कसा द्यायचा ते विचारून ठेवलेलं. मुखत्यारपत्र करून ठेवलं की झालं असं पुष्कळांना वाटतं. भारतीय कायद्यात देणाऱ्याची समज गेली की साधं मुखत्यारपत्र संपतं. त्यानंतर पालक नेमून घ्यायला उच्च न्यायालयात, म्हणजे आपल्याकडे पर्वरीला, जावं लागतं.

गोव्याचा आणखी एक मुद्दा बाहेरच्या वकिलांच्या ध्यानात येत नाही. इथल्या नागरी कायद्यानुसार लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवराबायकोची मालमत्ता सामायिक असते, आणि घर-जमीन विकायची तर दोघांची सही लागते. एकाला अल्झायमर झाला की दुसऱ्याचेही हात बांधले जातात. मृत्युपत्रातही मुलांचा वगैरे ठरलेला अर्धा हिस्सा डावलता येत नाही, उरलेल्या अर्ध्याचंच लिहिता येतं. ते नोटरीसमोर रीतसर करावं लागतं. गोव्यातलाच वकील गाठा, आणि डॉक्टरांकडून त्या दिवशी समज शाबूत असल्याचं लिहून घ्या. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने पुढच्या उपचारांबद्दलची इच्छा आधी लिहून ठेवता येते आणि आपल्या वतीने बोलणारं माणूस नेमता येतं. तेही त्याच वेळी विचारा.

१०. तुमचं काय

तिसऱ्या वर्षी मी आईंच्या हाताला धरून हिसका दिला. वळ उठला. त्या रात्री मी झोपले नाही. सकाळी त्या हसून म्हणाल्या, "ये गं, बस." त्यांना आठवत नव्हतं. त्या दिवशी मी नवऱ्याला सांगितलं की रविवारी सकाळी आठ ते दुपारी दोन आई तुमच्या. न्हाणी, जेवण, संडास, सगळं. तोपर्यंत 'बायकांचं काम' म्हणून तो बाहेरचं बघायचा. तोही शिकला, आणि अंघोळीला आई त्याला माझ्यापेक्षा कमी त्रास द्यायच्या.

गोव्याला अभिमान वाटावा अशी एक गोष्ट सांगते. डॉ. अमित डायस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथेच ८१ कुटुंबांबरोबर एक चाचणी केली, ती २००८ साली प्रसिद्ध झाली. मोठी यंत्रं नाहीत, महागडी औषधं नाहीत. प्रशिक्षण दिलेली स्थानिक माणसं सहा महिने घरी जाऊन घरच्यांना आजार समजावत होती, वागणं कसं हाताळायचं ते शिकवत होती. सांभाळणाऱ्यांच्या मनावरचा ताण त्याने कमी झाला. १९९६ पासून गोव्यात काम करणारी संगाथ ही मानसिक आरोग्याची संस्था आणि डिमेन्शिया सोसायटी ऑफ गोवा यांच्याकडे विचारपूस करा. फोनवर बोलायचं असेल तर ज्येष्ठांसाठीची एल्डरलाइन १४५६७, आणि स्वतःचं मन खचलं असेल तर टेली-मानस १४४१६. मी फार उशिरा फोन केला. पलीकडच्या बाईंनी पहिल्यांदा माझ्या झोपेचं विचारलं. आईंच्या आजारात तोवर मला ते कोणीच विचारलं नव्हतं.

मदतनीस बाई मिळत नाही, मिळाली तर टिकत नाही. म्हणून आठवड्याला दोन तास तरी शेजारणीला, भाचीला, कोणाला तरी बसवा. फक्त बसायचं, गाणी लावायची. तेवढ्यात तुम्ही देवळात जा किंवा झोपा. भांडी घासत बसू नका.

११. शेवटचा काळ

चालणं जातं, मग बोलणं, मग गिळणं. खाटेवर असतील तर दर दोन तासांनी कूस बदला, टाचा आणि माकडहाड रोज पाहा, लाल दिसलं तर त्याच दिवशी सांगा. भरवताना ताठ बसवा, हनुवटी किंचित खाली, अर्धा चमचा, घोट उतरल्यावरच पुढचा, आणि जेवणानंतर अर्धा तास आडवं करू नका. पाण्याने ठसका लागत असेल तर पेजेसारखं घट्ट द्या.

नाकातून किंवा पोटातून नळी घालायची का, हे कोणीतरी विचारेल. या टप्प्यावर नळीने आयुष्य वाढतं किंवा न्यूमोनिया टळतो असं दिसून आलेलं नाही. उलट ती ओढून काढतील म्हणून हात बांधायची वेळ येते. आम्ही नळी घातली नाही, हाताने जेवढं गेलं तेवढं भरवलं. हा निर्णय सगळ्या भावंडांनी एकत्र बसून, डॉक्टरांसमोर, आधी घ्या. रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीत तो घेता येत नाही. गावातल्या डॉक्टरांना अधूनमधून घरी बोलवत राहा, म्हणजे घरीच शेवट झाला तर दाखल्यासाठी धावाधाव होत नाही.

आणि बोलणं थांबवू नका. तोंड ओल्या कापसाने पुसताना, केसांना खोबरेल लावताना सांगत राहा, काय करतोय ते. संध्याकाळी पोदेराचा भोंगा वाजला की मी म्हणायचे, "आई, पोदेर आला." कधी कधी त्यांची बोटं पदराच्या टोकाकडे जायची, जिथे त्या सुट्टे पैसे बांधून ठेवायच्या.